घुसळण खूप, लोणी थोडे

सकाळचे साडेअकरा. कार्यालयातील लांबट टेबलाभोवती दहा-बारा माणसे बसली आहेत. चहा आला आहे, पण बशीतल्या बिस्किटांना अजून कुणी हात लावलेला नाही. कारण मोठे साहेब यायचे आहेत. साहेब येतात, घड्याळाकडे पाहतात आणि म्हणतात, "आज सगळ्यांनी अगदी मोकळेपणाने बोलायचे. कुणी काहीही सुचवा. माझे स्वतःचे मत विचाराल तर..." पुढची वीस मिनिटे ते न विचारलेले मत सांगण्यात जातात. मग उजव्या हाताचे गृहस्थ त्या मताला दुजोरा देतात, डाव्या हाताचे त्यात चमचाभर भर घालतात. टेबलाच्या टोकाला बसलेली नवी मुलगी वहीत काहीतरी लिहिते आणि खोडते. एक वाजता बैठक संपते. दाराबाहेर पडता पडता दोघे जण एकमेकांना हळूच सांगतात, "हे असं चालणार नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

नोकरी केलेल्या कुणालाही हे दृश्य अनोळखी वाटू नये. या प्रकाराला आपल्याकडे 'विचारमंथन' असे भारदस्त नाव आहे. हल्लीच्या कचेऱ्यांत त्याला 'ब्रेनस्टॉर्मिंग' म्हणतात. नाव कोणतेही असो, दाराबाहेर बोलले गेलेले ते एक वाक्य दाराच्या आत का बोलले गेले नाही, हा खरा प्रश्न आहे.

मंथन हा शब्द मात्र मोठा अर्थपूर्ण आहे. घरी आजीला ताक घुसळताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे, की नुसती रवी फिरवल्याने लोणी येत नाही. डेरा काठोकाठ भरून चालत नाही, घुसळायला आत जागा लागते. दही कोमट असेल तर लोणी पसरते, गोळा होत नाही. मग गार पाण्याचा हबका मारावा लागतो. बैठकीचेही काहीसे तसेच आहे. तिलाही एक रीत आहे. ती न पाळता घुसळत बसलो तर हाताला येतो तो फेस. माझ्या पदरी असा फेस एकदा पडला, त्याची हकिकत आधी सांगतो.

एका पावसाळ्याची गोष्ट

नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील एका कारखान्यात मी नोकरीला होतो. यंत्रांचे सुटे भाग बनवायचे, गरम पाण्याने धुवायचे, तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि खोक्यात भरून गिऱ्हाइकाकडे पाठवायचे, असे काम. एका पावसाळ्यात माल परत येऊ लागला. पिशवी उघडली की भागांवर गंजाचे तांबूस ठिपके.

बैठक बोलावली गेली. खरेदी, उत्पादन, तपासणी, भांडार अशा सगळ्या खात्यांची माणसे आली. पॅकिंगमधून तिथले सर्वांत जुने कामगार आले. त्यांना सारा कारखाना 'मामा' म्हणत असे. ते दाराजवळच्या खुर्चीवर, टोपी मांडीवर ठेवून बसले. मोठ्या साहेबांनी सुरुवातीलाच निदान केले : खोक्यात घालतो तो कागद हलका आहे, तो ओल धरतो. तेलाबद्दल कुणी काही बोलले, कुणी गिऱ्हाइकाच्या गोदामाला दोष दिला; पण गाडी फिरून कागदावरच आली. भारी कागद मागवायचे ठरले. त्या बैठकीचे इतिवृत्त मी लिहिले. त्यातला शेवटचा शब्द मला अजून आठवतो : 'सर्वानुमते'.

भारी कागद आला, त्याचे बिल आले आणि गंजलेला मालही परत येत राहिला. अडीच महिन्यांनी, पावसाळा सरत आला तेव्हा, एकदा चहाच्या टपरीवर मामांची गाठ पडली. मी सहज विषय काढला. ते म्हणाले, "कागदाचं काय न्हाई ओ साहेब. सहाच्या गाडीचा माल तेवढा गंजतोय. गाडी थांबलेली असती, मग धुतलेला माल वाळायच्या आधीच पिशवीत भरतात. वाफ आतच ऱ्हाती."

मी कार्यालयात जाऊन चलने काढली. परत आलेला जवळजवळ सगळा माल संध्याकाळच्या गाडीचा होता. दुसऱ्या दिवशी मामांना विचारले, "मामा, तुम्ही तर बैठकीत होता. बोलला का नाहीत?" त्यावर ते जे म्हणाले, ते ऐकून मी खाली पाहिले. "मोठ्या सायबांनी कागद म्हटल्यावर मी मधी कशाला बोलू? आन् मला कुणी विचारलंच कुठं?"

खरे होते ते. आम्ही त्यांना बोलावले होते, पण विचारले नव्हते. आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी संमती समजून कागदावर उतरवले होते.

जाहिरातवाल्याचे चार नियम

त्यानंतर या विषयावरचे जे हाती लागेल ते मी वाचू लागलो. 'ब्रेनस्टॉर्मिंग'चा जनक ॲलेक्स ऑस्बर्न हा अमेरिकन जाहिरातवाला. 'बीबीडीओ' या प्रसिद्ध जाहिरात संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. 'ऑस्बर्न' हेच त्या नावातले शेवटचे अक्षर. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने आपल्या संस्थेत अशा बैठका घ्यायला सुरुवात केली. 'ब्रेनस्टॉर्म' या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ डोके फिरणे, वेडाचा झटका येणे असा होता. ऑस्बर्नने त्याला नवा अर्थ दिला : सैनिकांच्या तुकडीने किल्ल्यावर चढाई करावी तशी सर्वांनी मिळून एका प्रश्नावर बुद्धीची चढाई करायची. १९४८ मधील 'युअर क्रिएटिव्ह पॉवर' आणि १९५३ मधील 'अप्लाइड इमॅजिनेशन' या पुस्तकांमुळे ही पद्धत अमेरिकेच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत, आणि पुढे जगभर पसरली.

त्याचे नियम चारच. कल्पना सुचत असताना तिच्यावर टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट, तितकी चांगली. आधी संख्या वाढवा, गुणवत्तेचे नंतर पाहू. आणि दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोड द्या, तिच्यात सुधारणा करा.

गंमत म्हणजे ऑस्बर्नने आपल्या पुस्तकात भारताचाही दाखला दिला आहे. हिंदू आचार्य चारशेहून अधिक वर्षे अशीच एक पद्धत वापरत आले आहेत आणि तिचे नाव 'प्राइ-बर्शना', असे तो सांगतो. मराठी वाचक हा शब्द वाचून डोके खाजवील. त्यातल्या 'बर्शना'त आपला 'प्रश्न' दडला असावा, असे आपले मला वाटते. पण त्या वर्णनातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : कल्पना मांडण्याची बैठक वेगळी आणि त्यांची पारख करण्याची वेगळी.

चार एकत्र, चार एकटे

ऑस्बर्नने एक मोठा दावाही केला होता. माणूस एकट्याने विचार करतो त्यापेक्षा गटात बसला, तर त्याला दुप्पट कल्पना सुचतात. हा दावा अनेकांनी मानला. १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी तो तपासून पाहिला. ९६ विद्यार्थी घेतले. त्यातल्या ४८ जणांचे चौघाचौघांचे बारा गट केले. उरलेल्या ४८ जणांना एकेकटे बसवले. नियम सर्वांना तेच, वेळही तेवढाच. विचारलेल्या प्रश्नांपैकी एक तर मजेदार होता : यापुढे जन्मणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला एक जादा अंगठा असला, तर फायदे-तोटे काय होतील? नंतर एकेकट्या बसलेल्यांतले चार-चार जण कागदावर एकत्र केले, सारख्या कल्पना एकदाच मोजल्या आणि त्यांची तुलना प्रत्यक्ष गटांशी केली. एकेकट्यांच्या बेरजेने गटांवर मात केली होती, तीही थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ दुपटीने.

विद्यार्थ्यांचे सोडा, असे कुणी म्हणेल. १९६३ मध्ये डनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग एका मोठ्या कंपनीतील संशोधक आणि जाहिरात विभागातील माणसांवर केला. कौल तोच मिळाला.

असे का व्हावे? तीन कारणे पुढे आली. पहिले, अंग चोरणे. फ्रान्समधील माक्स रिंगेलमान या शेतकी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून पाहिले होते. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या निम्म्यावर येई. दुसरे कारण भीड. नियमात 'टीका नाही' असे कितीही म्हटले, तरी समोरच्याच्या भुवया थोड्याच थांबतात!

तिसरे कारण सर्वांत साधे, म्हणूनच ते फार दिवस कुणाच्या ध्यानात आले नव्हते. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले. गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांना थांबावे लागते. थांबता थांबता माणूस आपली कल्पना मनात घोळवत राहतो, नवी सुचत नाही. किंवा आपली पाळी येईपर्यंत जी होती तीही विसरतो. त्यांनी प्रयोगात माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले, एकमेकांचे बोलणे ऐकू येणार नाही अशी व्यवस्था केली आणि रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे लावले. दुसरा कुणी बोलत असेल तर तुम्ही थांबायचे. समोर कुणी नाही, टीका नाही, साहेब नाही. तरीही निव्वळ थांबावे लागल्याने कल्पनांची संख्या घसरली. रेशनच्या रांगेसारखी विचारांची रांग लागते आणि पुष्कळसे विचार रांग सोडून निघून जातात.

यात आणखी एक मेख आहे. गटात बसलेल्यांना विचारले तर ते सांगतात, की आमची बैठक फार छान झाली. दुसऱ्यांच्या तोंडून आलेल्या कल्पनाही आपल्याच वाटू लागतात. निष्फळ बैठका पुन्हा पुन्हा का भरतात, याचे उत्तर बहुधा इथेच असावे.

आधी कागद, मग तोंड

मग काय, बैठका बंदच करायच्या? मुळीच नाही. कारण एकेकट्याने केलेल्या विचारांत दुसऱ्याच्या अनुभवाची भर पडत नाही. खुद्द ऑस्बर्नचेही म्हणणे असेच होते, की गटाचे विचारमंथन हे एकट्याच्या चिंतनाला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे. पुढच्यांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा विसरले. दोन्हींची सांगड घालायची तर रीत थोडी बदलावी लागते.

१९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख या जर्मन गृहस्थाने एक युक्ती सुचवली. सहा माणसे, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे. कुणी बोलायचे नाही, लिहायचे. पाच मिनिटांनी आपला कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्याने तो वाचायचा आणि खाली आणखी तीन कल्पना लिहायच्या. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात कागदावर १०८ कल्पना जमतात. त्यातल्या शंभर टाकाऊ निघाल्या तरी बिघडत नाही. इथे रांग नाही, सहाही जण एकाच वेळी 'बोलत' असतात, आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवण्याची सोयही आहे.

आपल्या कारखान्यांना याच्याशी मिळतीजुळती एक रीत परिचयाची आहे, ती गुणवत्ता मंडळांमुळे. जपानमध्ये १९६२ मध्ये काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने 'क्वालिटी सर्कल' सुरू झाली. भारतात १९८० मध्ये 'भेल'च्या हैदराबाद येथील कारखान्यात तिचा आरंभ झाला आणि तेथून ती पुण्या-मुंबईच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली. या मंडळांत पाळी लावून बोलतात. प्रत्येकाने एका वेळी एकच कल्पना सांगायची. सुचत नसेल तर 'पास' म्हणायचे, त्यात कमीपणा नाही. बडबड्याला लगाम बसतो आणि मुखदुर्बळाला हक्काची जागा मिळते.

माझ्या अनुभवाने ठरलेली रीत सांगायची तर ती अशी. प्रश्न आदल्या दिवशी, एका वाक्यात, सर्वांना लेखी द्यावा. 'गुणवत्ता कशी वाढवावी' हा प्रश्न नव्हे. 'पावसाळ्यात माल का गंजतो' हा प्रश्न. माणसे सहा ते आठ पुरेत. त्यांत त्या कामाला रोज हात लावणारा किमान एक जण असलाच पाहिजे. सुरुवातीची दहा मिनिटे पूर्ण शांतता : प्रत्येकाने चिठ्ठ्यांवर लिहायचे, एका चिठ्ठीवर एक कल्पना, नाव घालायचे नाही. मग त्या फळ्यावर लावायच्या, ज्या शब्दांत लिहिल्या त्याच शब्दांत. लिहून घेणाऱ्याने त्या 'सुधारू' नयेत, कारण सुधारताना साहेबांना रुचेल असा अर्थ त्यात नकळत शिरतो. त्यानंतर एकेक फेरी बोलण्याची. आणि सर्वांत मोठ्या खुर्चीने सर्वांत शेवटी बोलावे. हा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते.

भाषेचाही एक मुद्दा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी काढत नाही. आपल्या अनेक कचेऱ्यांतल्या बैठका इंग्रजीत चालतात. ज्याला इंग्रजी सफाईदार येते त्याची साधारण कल्पनाही चमकदार वाटते. ज्याला वाक्य मनात जुळवावे लागते त्याची वेळ निघून जाते. चिठ्ठी मराठीत, हिंदीत, कोणत्याही भाषेत चालेल, हे पहिल्यांदा स्पष्ट सांगावे. लिहिण्याचा सराव नसलेल्याला शेजाऱ्याने लिहून द्यावे.

आता तर टेबलच उरले नाही, माणसे आपापल्या घरी पडद्यासमोर बसून बैठक करतात. त्याबद्दल २०२२ मध्ये ब्रक्स आणि लेवाव या दोन संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा पडद्यावर भेटलेल्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. पडद्यावर खिळलेली नजर विचारांनाही आखडते, असे त्यांचे म्हणणे. मात्र सुचलेल्या कल्पनांतून चांगली निवडण्यात पडद्यावरचे लोक मागे पडले नाहीत. तेव्हा कल्पना सुचण्याचे काम एकट्याने, नाहीतर एकत्र बसून करावे आणि निवडीचे काम दूर राहून केले तरी चालेल, असा धडा घ्यायला हरकत नाही.

भांडायचे कधी?

टीका नको, हा ऑस्बर्नचा पहिला नियम. त्यालाही पुढे धक्का बसला. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील चार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि पॅरिसमध्ये काही गटांना वाहतुकीच्या कोंडीवर उपाय विचारले. काही गटांना सांगितले, टीका करू नका. काहींना सांगितले, वाद घाला, टीकाही करा. वाद घालणारे गट कल्पनांच्या संख्येत थोडे पुढेच निघाले.

मग ऑस्बर्न चूक की नेमेथ चूक? मला वाटते, आपल्या कचेऱ्यांपुरता प्रश्न वेगळा आहे. त्या प्रयोगातले सगळे जण बरोबरीचे होते. आपल्याकडे टीका उतारावरून पाण्यासारखी वरून खाली वाहते. खालून वर चढत नाही. साहेबाने कारकुनाची कल्पना खोडली तर तो अनुभव. कारकुनाने साहेबाची खोडली तर तो आगाऊपणा. जिथे टीका दोन्ही दिशांनी होऊ शकते तिथे वाद जरूर घालावा. जिथे ती एकाच दिशेने होते तिथे आधी सर्वांच्या चिठ्ठ्या फळ्यावर लागू द्याव्यात. मग चहा घ्यावा. आणि चहानंतर कडकडून भांडावे, पण भांडण फळ्यावरच्या चिठ्ठीशी, चिठ्ठी लिहिणाऱ्याशी नाही. चिठ्ठीवर नाव नसल्याचा फायदा इथे कळतो. साहेब स्वतःचीच चिठ्ठी खोडताना मी पाहिले आहेत.

शेवटी उरलेल्या दोन-तीन कल्पनांपुढे माणसाचे नाव आणि तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी त्यांचे काय झाले, हे बैठकीला आलेल्या प्रत्येकाला सांगावे. ज्या नाकारल्या त्या का नाकारल्या, हेही. हे सांगितले नाही तर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्या येतात.

पुढच्या वर्षी मृग लागण्याआधीच आम्ही अशी बैठक घेतली. धुतलेला माल वाळवायला वेळ मिळावा म्हणून संध्याकाळच्या गाडीची वेळ आधीच बदलली होती, तरी आणखी काय करता येईल हे विचारायचे होते. मामांना लिहिण्याचा सराव नव्हता. तपासणी खात्यातल्या एका पोराने त्यांच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. चार होत्या. मोठे साहेब शेवटी बोलले, आणि फळ्याकडे बराच वेळ पाहत राहून फक्त एवढेच म्हणाले, "यातल्या निम्म्या गोष्टी मला ठाऊक नव्हत्या."

इतिवृत्त त्याही वेळी मीच लिहिले. 'सर्वानुमते' हा शब्द मात्र त्यात घातला नाही. कुणी काय सुचवले, कशावर वाद झाला, कोणती गोष्ट का टाकून दिली, ते लिहिले. पूर्वीपेक्षा तीन पाने जास्त झाली. मामांनी ती एका पोराकडून वाचून घेतली आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाचवी गोष्ट सांगितली, जी आदल्या दिवशी बोलायची राहून गेली होती.